रेटा कुठं गेला?

अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा मला कधी मेळ बसला नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर माझी शाळा सुटली, कारण तेव्हा गावात हायस्कूल नव्हतं, पाचवीला ओढा ओलांडून पलीकडच्या गावात जावं लागायचं. त्यानंतर मी लिहिलं ते एवढंच: पगाराच्या कागदावर सही, आणि शाळेच्या भिंतीवरच्या फळ्यावर रोजचा आहार. आज मुगाची खिचडी, आज मटकीची उसळ. ही वही माझ्या मुलीची, सुवर्णाची. अर्धी कोरी राहिली होती. मी काय लिहिते ते तिला माहीत नाही. पण टक्कर सरांचं जे मला माहीत आहे ते गावात दुसऱ्या कुणाला सगळं माहीत नाही, आणि मी बोलणारी बाई नाही. खाडाखोड सरांना चालायची. "खोडलेलं उत्तर चालंल, चोरलेलं न्हाई," असं ते पोरांना म्हणायचे.

सरांचा एक प्रश्न होता. तो ते कुणालाही, कुठंही विचारायचे. "रेटा कुठं गेला?" दार आपटलं, की रेटा कुठं गेला. चेंडू भिंतीला लागून खाली पडला, की रेटा कुठं गेला. एसटी आमच्या फाट्यावर थांबली आणि माणसं पुढं झुकली, की सर खाली उतरून कंडक्टरला विचारणार, "एवढी मोठी गाडी धावत आली आन् थांबली. रेटा कुठं गेला?" कंडक्टर म्हणायचा, "सर, तिकीट काढलं का तुमी?" मग सर स्वतःच उत्तर द्यायचे. "जमिनीला गेला. जमीन एवढी मोठी हाय की तिला कळत पण न्हाई."

आमचं गाव युसूफ वडगावपासून पायी तासाभराच्या वाटेवर. गावच्या हायस्कुलात सर विज्ञान शिकवायचे आणि मी खिचडी शिजवायची. ते मूळचे घाटनांदूरकडचे. बायको-मुलं तिकडंच, इथं ते एका खोलीत एकटे राहायचे. शाळेला सरकारचं अनुदान नव्हतं, म्हणून पगार नव्हता. अनुदान येणार, येणार, असं बारा वर्षं चाललं होतं. सर सुट्टीत शेतात राबायचे आणि सायंकाळी शिकवण्या घ्यायचे. सगळी पोरं जेवली की शेवटी येऊन उभ्यानं खिचडी खायचे आणि ताट स्वतः घासून ठेवायचे. मी कधी "असू द्या सर" म्हटलं नाही. मला बोलायला व्हायचंच नाही. पहिली दोन वर्षं मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नसेन.

त्यांच्या विजारीचा डावा खिसा नेहमी फाटलेला असायचा, कारण त्यात गोट्या असायच्या. काचेच्या सात-आठ गोट्या आणि एक मोठा लोखंडी छर्रा. तो केजच्या गॅरेजातून ट्रॅक्टरच्या बेअरिंगमधला आणला होता. सर चालत आले की आधी गोट्यांचा आवाज यायचा. पोरांनी त्यांचं नाव टक्कर सर ठेवलं होतं, ते त्यांच्या आवडत्या धड्यावरून.

माझी चूल नववीच्या वर्गाच्या खिडकीला लागून. तो धडा वर्षाच्या सुरुवातीलाच असायचा. सर एक लठ्ठ पोरगं आणि एक काटकुळं पोरगं मैदानात उभं करायचे. दोघांनी समोरासमोरून पळत यायचं आणि मिठी मारायची, सोडायचं नाही. कोणत्या बाजूला दोघं ढकलले जातात ते बाकीच्यांनी बघायचं. लठ्ठ नेहमी जिंकायचा. मग सर काटकुळ्याला सांगायचे, "आता तू जिवाच्या आकांतानं पळ, आन् तू सावकाश ये." तेव्हा काटकुळा लठ्ठ्याला मागं घेऊन जायचा आणि सगळी पोरं ओरडायची.

"कोण जिंकलं ते विचारू नका," सर म्हणायचे. "वजन आणि वेग, दोन्ही मिळून रेटा. पुस्तकात त्याला संवेग म्हणलंय. टक्करीच्या आधी दोघांचा मिळून जेवढा रेटा, जेवढा ज्या दिशेला, तेवढाच टक्करीनंतर. एक गुंजभर कमी न्हाई, एक गुंजभर जास्त न्हाई. रेटा मरत नसतो. एकाकडून सुटला की दुसऱ्याला बसतो. नीट हुडकला की सापडतो."

मी पळी थांबवून ऐकत असायची. एकदा तांदूळ करपले. सरांना वास आला, ते खिडकीत आले आणि म्हणाले, "ताई, आज रेटा तांदळाला बसला वाटतं." मी पदर ओढून तोंड फिरवलं, पण हसू आलं होतं.

असाच तो कुत्र्याचा दिवस आठवतो. संस्थेचे अध्यक्ष आले होते. त्यांना सगळे दादा म्हणतात. मोठी बागायत, गावच्या राजकारणात त्यांचा शब्द चालतो, आणि शाळा त्यांच्या वडलांनी काढलेली. दादांनी हेडसरांना सगळ्यांसमोर झापलं. हेडसरांनी आत जाऊन शिपाई बाबूमामांना झापलं. बाबूमामा बाहेर आले आणि माझ्या चुलीजवळ झोपलेल्या कुत्र्याच्या पेकाटात लाथ घातली. सर वऱ्हांड्यातून बघत होते.

"बाबूमामा, तुमी कावून मारलं त्याला?"

"मंग काय हेडसराला मारू?"

सर खाली आले, मुठीत खिचडी घेतली आणि कुत्र्यापुढं ठेवली. "दादापासून निघालेला रेटा इथवर आला बघा," ते मला म्हणाले. "ह्यानं आता पोराला चावायला नको. कुणीतरी मधी जमीन व्हावं लागतं, ताई."

माझे मालक दूध घालायचे. आमच्या दोन म्हशी होत्या आणि शेजाऱ्यांचंही दूध ते घेऊन जायचे. मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन. शेतातली वाट चढ चढून मोठ्या रस्त्याला लागते, तो रस्ता ओलांडला की समोर डेअरी. चढावर गाडी एवढी हळू चालायची की मी कधी बरोबर निघाले तर पायी चालूनही मागं पडत नसे. मार्गशीर्षातल्या एका सकाळी रस्ता ओलांडताना दादांच्या पुतण्याच्या जीपशी टक्कर झाली. मालक जागेवर गेले. मी पोचले तेव्हा त्यांना टेम्पोत घातलं होतं आणि जीप तिथं नव्हती.

तिसऱ्या दिवशी, राख सावडून आल्यावर, दादा चार माणसं घेऊन आमच्या अंगणात आले. खुर्च्या टाकल्या. मी दाराच्या आत, पदर तोंडावर. दादा हळू आवाजात म्हणाले, "झालं ते लई वाईट झालं. दिवसकार्याला अडचण नको." त्यांनी तीस हजार रुपये माझ्या दिराच्या हातात दिले आणि एक कागद आत पाठवला. "मिळाले म्हणून सही कर बाई."

मला वाचता येतं. हळू येतं, अक्षराला अक्षर लावून, पण येतं. पाच पुरुष बाहेर थांबलेले आणि मी बोट ठेवून वाचत बसायचं, याची मला लाज वाटली. आकडा तेवढा बघितला आणि सही केली. आजवर मी केलेली चूक ती हीच. वाचता येत असून वाचलं नाही.

आठवड्यानं माझा भाऊ आला, त्यानं कागदाची नक्कल मिळवली आणि मोठ्यानं वाचली. लिहिलं होतं की जीप फोन घेण्यासाठी रस्त्याच्या कडेला उभी होती, आमचे मालक दारूच्या नशेत येऊन उभ्या जीपवर आदळले, आमची कुणाबद्दल तक्रार नाही. मालक चहासुद्धा घ्यायचे नाहीत. चहात दूध जास्त जातं म्हणायचे. गावातली माणसं आमच्याकडं बघेनाशी झाली. दूध घालणाऱ्यांनी आपापसात म्हटलं, प्यायचा का काय, आपल्याला कधी कळलं न्हाई. हे मला त्यांच्या मरणापेक्षा जड गेलं. माणूस गेलेला मला कळत होता. पण तो कसा होता तेही कागदावरून पुसलं गेलं होतं, आणि पुसायला माझाच हात लागला होता.

चौदाव्या दिवशी मी चुलीवर परत आले. सगळ्या बाया गळ्यात पडल्या. सर आले नाहीत. पोरं जेवून गेल्यावर आले, ताट घेतलं नाही आणि चुलीसमोर उकिडवे बसले.

"ताई, त्या दिवशी मी सायकलवर तिथून गेलतो. तुमचा टेम्पो गेल्यावर. जीप न्हवती, मालकाला उचललं व्हतं. फक्त दूध व्हतं." त्यांनी वही काढली. पेन्सिलनं रस्ता काढला होता आणि त्यावर एक रेघ. "शेताच्या वाटेकडून दुधाचा पट्टा सरळ आलाय, रस्त्याच्या मधापर्यंत. तिथं तो वळला. केजच्या अंगाला. छत्तीस पावलं. मी मोजलीत. पट्ट्याच्या शेवटी कॅन आणि मालकाची एक चप्पल. दुपारपर्यंत कुत्र्यांनी चाटून टाकलं असतं, म्हणून लिहून ठेवलं."

 त्यांनी विचारलं, "पीठ हाय का?"

गिरणीतून दळून आणलेल्या ज्वारीच्या पिठाचा डबा माझ्या पिशवीत होता. सरांनी माझी खिचडीची मोठी परात पुसली, उलट्या हातानं तिच्यात पिठाचा पातळ थर पसरला. मग खिशातून छर्रा काढला आणि एक हिरवी गोटी काढली. छर्रा मधे ठेवून बोटानं दाबून धरला.

"ही उभी जीप. गोटी तुमी सोडा. हळू. चढावरून येती तेवढीच."

गोटी मी सोडली.  पिठात रेघ उमटवत ती छर्ऱ्याला लागली, जराशी मागं आली आणि थांबली.

"वळली का?"

मी मानेनंच नाही म्हटलं. मग माझ्या तोंडून पहिल्यांदा त्यांना प्रश्न गेला. "तिरपी लागली तर?"

सर माझ्याकडं बघत राहिले. नववीच्या पोरानं बरोबर विचारलं की ते असेच बघायचे. "सोडा तिरपी."

तिरपी सोडली. छर्ऱ्याला घासून ती बाजूला वळली, पण चार बोटं जाऊन थांबली. "वळती," सर म्हणाले, "पण आलेल्या वेगापेक्षा जास्त वेग तिला उभ्या वस्तूकडून मिळत न्हाई. आता बघा." त्यांनी छर्रा परातीच्या कडेला नेला. "तुमी तशीच हळू सोडा. मी इकडून येतो."

हिरवी गोटी मधोमध आली आणि छर्रा तिला आडवा लागला. गोटी वळून परातीच्या काठापर्यंत गेली, काठाला वाजली. पिठात तिची रेघ उरली. सरळ येऊन एकदम वळलेली. सरांच्या वहीतल्या रेघेसारखी.

"मालकाकडं केजच्या दिशेचा रेटाच न्हवता, ताई. ते रस्ता ओलांडत व्हते. मग छत्तीस पावलांचा रेटा त्यांना कुणी दिला? उभी जीप देऊ शकत न्हाई. तिच्याकडंच नसतो तर देणार कुठून? जीप चालती व्हती. लई जोरात चालती व्हती."

मी त्या रेघेकडं बघत बसले. रडले नाही. मालक गेल्यापासून पहिल्यांदा कुणी मला काहीतरी खरं दाखवलं होतं. मग मी विचारलं, "हे तुमी सांगताल का, सर?"

सरांनी गोट्या उचलल्या, एकेक करून खिशात टाकल्या. पीठ झटकलं नाही. मग म्हणाले, "बघू." त्या वर्षात अनुदानाची यादी जायची होती. बारा वर्षांनी. यादीवर सही दादांची.

चार दिवसांनी फौजदार शाळेत आले. सरांनी पावलं मोजली ही गोष्ट कुणीतरी पोचवली होती. ऑफिसात दादाही बसलेले. माझी चूल तिथून लांब नाही. फौजदारांनी विचारलं, "मास्तर, तुम्ही अपघाताचं काही मोजमाप केलं म्हणतात?"  मग सरांचा आवाज आला. "मी विज्ञान शिकवतो साहेब. अपघात शिकवत न्हाई."

दुपारी ते नेहमीसारखे शेवटी आले. मी नेहमीसारखं वाढलं. मला राग आला नाही, हे खरं लिहिते. मी स्वतः तीस हजाराला सही करून बसले होते, त्यांना काय बोलणार. पण त्यांच्या घासाला चव नव्हती हे दिसत होतं. ताट घासून ठेवताना म्हणाले, "ताई, रेटा माझ्यापर्यंत आला आन् मी बाजूला झालो." एवढंच.

त्या दिवसापासून त्यांनी तो प्रश्न विचारणं सोडलं. दार आपटायचं, एसटी थांबायची, सर खाली बघून चालायचे. खिसा शिवून घेतला होता. वाजत नव्हता.

जून उजाडला. सुवर्णा नववीत गेली. खिडकीतून मला ती दिसायची, दुसऱ्या बाकावर. सरांनी पुस्तक उघडलं आणि म्हणाले, "हा धडा तुमी घरी वाचून घ्या. सोपा हाय. आपण पुढचा घेऊ." पोरं हिरमुसली. वरच्या वर्गातल्या भावंडांकडून सगळ्यांनी मिठीच्या टकरीबद्दल ऐकलं होतं. एक जण म्हणाला, "सर, गोट्या कुठं हायेत?" दुसरा म्हणाला, "सर, मला लठ्ठ्या करा." हशा झाला. तेवढ्यात सुवर्णा उभी राहिली. ती माझ्यासारखी लाजाळू आहे, वर्गात कधी उठत नाही.

"सर," ती म्हणाली, "रेटा कुठं गेला?"

वर्ग आणखी हसला. सुवर्णा हसत नव्हती. परातीतली गोष्ट मी तिला सांगितलेली होती. सर फळ्याकडं तोंड करून उभे राहिले. खडू हातात होता, लिहीत नव्हते. तास संपेपर्यंत त्यांनी वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीला जाळ घालायच्या आधी ते आले. "ताई, परात द्या. आंबाजोगाईला नेतो. उद्या आणून देतो."

माझ्या भावानं आंबाजोगाईच्या कोर्टात दावा लावला होता, त्याची त्या दिवशी तारीख होती. वकिलांनी आधीच सांगितलं होतं, बाईची सही आहे, काही होणार नाही. सर परात पोत्यात गुंडाळून एसटीनं गेले. त्या दिवशी मी दोन पातेल्यांत खिचडी केली. परात दुसऱ्या दिवशी परत आली तेव्हा तिच्या काठाच्या दुमडीत ज्वारीचं पीठ होतं. काय झालं ते सरांनी सांगितलं नाही. वकिलांनी नंतर भावाला सांगितलं. समोरच्या वकिलानं हसून विचारलं होतं, "गुरुजी, गोट्या खेळायला आलात का?" सर म्हणाले, "व्हय. तुमी पण खेळा. जीप उभी ठेवून गोटी छत्तीस पावलं नेऊन दाखवा, मी घरी जातो." वही त्यांनी जमा केली. दुधाच्या पट्ट्याची, तारीख आणि वेळ घातलेली. "आधी का बोलला नाहीत?" असं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "भ्यालो व्हतो." तेही लिहून घेतलं म्हणे.

अनुदान आलं. यादीत सरांचं नाव नव्हतं. त्यांच्या जागी दुसऱ्याचं होतं, तीन वर्षांपूर्वी लागलेल्याचं. सर कुणाशी भांडले नाहीत. शेवटच्या दिवशी त्यांनी नववीला तो धडा शिकवला. लठ्ठ आणि काटकुळा मैदानात पळाले, पोरं ओरडली. हेडसर खोलीतून बाहेर आले नाहीत. माझ्याकडं येऊन सरांनी उभ्यानं खिचडी खाल्ली. मी सगळा धीर एकवटून म्हटलं, "माझ्यामुळं झालं, सर."

"तुमच्याकडून न्हाई आला तो," ते म्हणाले. "तो जीपकडून निघालाय. मालकाला लागला, तुमाला लागला, आता मला. आपण फक्त मधी व्हतो."

मग मी तीस हजाराचं सांगितलं. दिवसकार्यात ते सगळे गेले होते. रोज खिचडी ढवळताना ते माझ्या हाताला लागलेले वाटतात, असं म्हटलं. सर विचार करून म्हणाले, "रेटा परत करता येत न्हाई, ताई. पैसे येतात. करून टाका. सावकाश करा, पर पुरे करा. अर्धे परत करू नका, अर्ध्याची दया दाखवत्यात."

ते एका साखर कारखान्यावर वजनकाट्याला लागले. उसाच्या ट्रॉल्या मोजायच्या आणि चिठ्ठ्या लिहायच्या. हंगामात एकदा सुवर्णाला दहावीचं पुस्तक द्यायला आले. वाळले होते. सुवर्णानं विचारलं, "सर, तिकडं करमतं का?" म्हणाले, "वजन तेवढं कळतं गं. वेग विचारायची सोय न्हाई. गाड्या काट्यावर उभ्या असत्यात." खोकत होते. जाताना त्यांनी छर्रा तिच्या हातावर ठेवला. गोट्या ठेवून घेतल्या.

पुढच्या हंगामात ते काट्याच्या खोलीतच गेले. खुर्चीत, चिठ्ठ्यांवर डोकं ठेवून. बाहेर ट्रॉल्यांची रांग लागली होती आणि डायव्हर हॉर्न वाजवत होते. त्यांना वाटलं, मास्तर झोपला. आम्हाला आठ दिवसांनी कळलं. मी घाटनांदूरला गेले. सरांच्या बायकोला भेटले, नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "परातवाल्या ताई तुमीच का?" मला त्याहून जास्त तिथं बसवलं नाही. मी त्यांच्या उंबऱ्याला हात लावून आले.

निकाल त्यानंतर पाच महिन्यांनी लागला. भावानं फोनवर वाचून दाखवला. त्यात एक ओळ होती: जीप चालती होती. दारूचा काही पुरावा नाही असंही होतं. नुकसानीचे पैसे मिळालेले नाहीत, ते लोक वरच्या कोर्टात गेले आहेत, कधी मिळतील ते माहीत नाही. पण ती ओळ मी भावाकडून कागदावर मागवून घेतली आणि स्वतः वाचली. डेअरीवर जाऊन तिथल्या भिंतीला लावली.  माणसं येऊन वाचत होती.

दादांचे पैसे मात्र कोर्टाच्या पैशातून द्यायचे नव्हते. एक म्हैस विकली आणि खिचडीच्या पगारातून उरेल तसे साठवले. साडेतीन वर्षं लागली. गेल्या सोमवारी मी दादांच्या वाड्यावर गेले. अंगणात खुर्च्या होत्या, सहा-सात पुरुष बसलेले, पुतण्याही होता. मी पैसे दादांपुढच्या टेबलावर ठेवले.

"कशाचे, वहिनी?"

"तीस हजार हायेत. मोजून घ्या. पावती द्या."

"खुळी का काय तू. ते काय उसने दिलते का?"

"उसने न्हवते, म्हणूनच."

कुणी हसलं नाही. दादांनी पुतण्याकडं बघितलं, पुतण्यानं खाली बघितलं. मग पैसे मोजले गेले. दिवाणजीनं पावती लिहिली आणि दादा पेन उघडून सही करायला वाकले. मी हात पुढं केला.

"आधी मला वाचू द्या."

"तुला वाचता येतं का?" दिवाणजी म्हणाला.

"चौथी झालीय. हळू वाचते."

मी पायरीवर बसले, कागद मांडीवर घेतला आणि पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. सगळे थांबले होते. एका ठिकाणी 'मदतीची रक्कम परत' असं होतं. मी तिथं बोट धरून म्हटलं, "मदत न्हवती. नुसतं 'रक्कम परत' लिवा." दिवाणजीनं दादांकडं बघितलं. दादांनी मान हलवली. शब्द खोडला गेला. खाडाखोड मला चालणार होती. पुन्हा पहिल्यापासून शेवटापर्यंत वाचलं. मला बराच वेळ लागला, तेवढा मी घेतला.

मग कागद दादांपुढं ठेवला. "आता करा सही."

त्यांनी केली. पैसे पुरे फिटले.